राजीनामा लिहिण्याआधी स्वतःचं साल ठरवा

प्रश्न विचारणारे गृहस्थ 31 वर्षांचे आहेत. अमळनेर तालुक्यातल्या एका गावचे, घरातले पहिले पदवीधर. कृषी पदवी घेऊन बँकेत लागले. आज यावल तालुक्यातल्या एका शाखेत पीककर्ज, सोनेतारण, वसुली असं सगळं बघतात. राहतात जळगावात, पत्नी शिक्षिका, मुलगी तीन वर्षांची. ते लिहितात, "मला खूप पुढे जायचंय, पण आता आतून काही उरलंच नाही असं वाटतं. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. शेतकरी समोर येऊन बसला की पहिलं मनात येतं, हा कधी उठेल. वडील म्हणतात, 'एवढी चांगली नोकरी शे, आखो काय जोयजे तुले?' त्यांचंही खरं वाटतं. राजीनामा देऊ का? पुढे जाणं आणि शाबूत राहणं दोन्ही जमतं का? आणि हे सगळं घरी सांगू का?"

भाऊ, आधी थेट उत्तर देते, मग कारणं सांगते. राजीनामा आत्ता देऊ नका. पण आहे तसंही रेटू नका. दोन्ही जमतं, अनेकांचं जमलेलं मी जवळून पाहिलंय. आधी कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात आणि नंतर समुपदेशनाच्या खोलीत मी जी माणसं पाहिली, त्यांत टिकून पुढे गेलेल्यांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली. आपल्याला नेमकं काय खातंय हे त्यांना माहीत होतं. जे मोडले त्यांच्यातले बहुतेक "काम फार आहे" एवढंच म्हणत राहिले, आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन तेच पुन्हा भोगलं.

तुमच्या पत्रात पोटातल्या गोळ्यापेक्षा मला जास्त खटकलं ते वाक्य, "हा कधी उठेल." तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले आहात. समोर बसलेल्या माणसाचा सातबारा वाचताना तुम्हाला त्याचं शेत डोळ्यासमोर दिसत असेल. अशा माणसाला समोरच्याची चीड येऊ लागते तेव्हा प्रकरण नुसत्या दमण्याच्या पुढे गेलेलं असतं.

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने 1974 मध्ये तिच्यावर पहिल्यांदा ठळकपणे लिहिलं. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करत होता. तिथे जीव ओतून राबणारे स्वयंसेवकच काही काळाने कोरडे, चिडके, हट्टी होत गेलेले त्याने पाहिले. कामचुकार माणसाला हे होत नाही असं नाही, पण ज्याने कामात मन घातलेलं असतं त्याला ते जास्त लागतं. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये ही अवस्था मोजायची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी बघतात: शरीर-मनाचं दमणं, माणसांपासून आणि कामापासून दुरावणं, आणि आपल्या करण्याने काहीच होत नाही असं वाटणं. नुसतं दमणं चार दिवसांच्या झोपेने उतरतं. दुरावणं तसं उतरत नाही. महाबळेश्वरला जाऊन आलात तरी सोमवारी तोच शेतकरी समोर बसला की तेच मनात येणार.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद आहे. तिला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे दोनच निदानं होतात. "मन कमजोर आहे" किंवा "नाटकं करतोय." या नोंदीने बोट कामाच्या जागेकडे वळवलं.

तरीही पहिलं पाऊल मी तुम्हाला पॅथॉलॉजीकडेच टाकायला सांगणार आहे. सतत थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं हे सगळं रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, बी-12 कमी झालं किंवा साखर वाढली तरी होतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास सापडते. सीबीसी, टीएसएच, बी-12, एचबीए1सी आणि रक्तदाब एवढं आधी तपासून घ्या. रात्री मोठ्याने घोरता आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, असं पत्नी सांगत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. झोपेत श्वास अडकणारी माणसं वर्षानुवर्षं "ऑफिसचा ताण" म्हणून दिवस ढकलतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कामाने आलेला कोरडेपणा बहुतेक वेळा कामापुरता असतो. मुलीशी खेळताना, गावी गेल्यावर, वांग्याच्या भरताच्या पार्टीत मित्रांमध्ये बसल्यावर मन थोडं तरी उघडत असेल, तर बरं लक्षण आहे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच आनंद वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन डोळा लागत नसेल, जेवण जात नसेल, आपण असून-नसून सारखेच असे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मग ही बाकीची चर्चा बाजूला ठेवा आणि मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ओळखीचं कुणी बघेल म्हणून जळगावात जायला संकोच वाटत असेल तर फोनपासून सुरुवात करा. पण करा.

हे दोन्ही तपासून झालं असं धरून पुढे जाते.

तुमच्या वडिलांचा प्रश्न प्रामाणिक आहे. ज्याने वैशाखाच्या उन्हात कपाशीसाठी रान तयार केलंय, त्याला एसीत बसणारा मुलगा दमतो कसा हे कळणं अवघडच. याचं एक चांगलं उत्तर रॉबर्ट कारासेक या संशोधकाने 1979 मध्ये दिलं होतं. माणसाला सगळ्यात जास्त ताण कधी येतो, तर मागणी मोठी असते आणि कसं करायचं, कधी करायचं यात त्याला बोलायला जागा नसते तेव्हा. तुमच्या वडिलांना पावसावर आणि बाजारभावावर काडीचा ताबा नव्हता, आणि ते ओझं काय असतं हे खान्देशातल्या घराघराला माहीत आहे. पण आज निंदणी करायची की उद्या, कोणतं वाण लावायचं, दुपारी निंबाखाली किती वेळ पडायचं, हे तरी ते स्वतः ठरवत होते. तुम्हाला दिवसातला कोणता तास तुमच्या मनाने घालवता येतो? पत्रावरून तरी एकही नाही. सकाळी गटावर आकडा येतो, दुपारी फोन, रात्री साडेदहाला "उद्याचं कमिटमेंट किती?"

मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी पुढे कामातल्या सहा जागा दाखवल्या, जिथे माणूस आणि काम यांची फारकत होते: कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. तुमचं पत्र मी या सहा जागांवर ठेवून पाहिलं. पगाराची तक्रार नाही. शाखेतली माणसं चांगली आहेत, तुम्हीच लिहिलंय. भार आहे, पण मार्चअखेर आणि जूनमधली पीककर्जाची गर्दी सोडली तर तो तुम्ही पेलता. तुटलेलं आहे ते ताबा आणि मूल्यं इथे. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, "पीककर्जाच्या फाईलबरोबर विमा पॉलिसी लावा असं तोंडी सांगतात." माझ्या मते सगळं पत्र या ओळीत आहे. जो माणूस तुमच्यावर भरवसा ठेवून अंगठा किंवा सही करतो, त्याला न लागणारी वस्तू गळ्यात मारायची, आणि पुढच्या वर्षी तो हप्ता भरू शकला नाही की वसुलीला त्याच्याच ओट्यावर जाऊन बसायचं. असं रोज करणाऱ्या सरळ माणसाने स्वतःला वाचवायला मन बधिर करून घेतलं तर नवल नाही. "हा कधी उठेल" हा त्या बधिरपणाचा आवाज आहे.

म्हणून तुम्हाला कुणी प्राणायाम करा, पहाटे उठा, सकारात्मक विचार करा असं सांगितलं तर ऐकून घ्या, प्राणायाम कराही, पण मूळ दुखणं त्याने बरं होईल असं धरू नका. सवयी सुधारल्याने माणूस तग धरतो. फारकत झालेल्या जागेला हात घातला तरच तो बरा होतो.

भाराबद्दलही एक आकडा सांगून ठेवते, कारण तो तुम्ही हलक्यात घेताय. सकाळी साडेनऊ ते रात्री आठ म्हणजे रोज साडेदहा तास. दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आठवड्यात ते साडेबावन्न होतात, बाकी आठवड्यांत 63. प्रवास यात धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. तिशीत हे अंगावर दिसत नाही.

आता करायचं काय.

दोन आठवडे एक वही ठेवा. फोनमध्ये नको, कागदावर. रात्री पाच मिनिटं. आज कोणत्या कामाने जीव गेला आणि कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, एवढंच लिहायचं. कारणं लिहायची नाहीत, स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत. माझा अंदाज असा की पहिल्या रकान्यात विमा, रात्रीचे आकडे आणि थकबाकीचे फोन येतील. दुसऱ्या रकान्यात काय येतं ते मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही लिहिलंय की मागच्या पावसाळ्यात वाऱ्याने बागा आडव्या झाल्या तेव्हा तीन गावं फिरलात, लोकांना पीकविम्याचे कागद कसे करायचे ते दाखवलं, आणि "तेव्हा दमलो होतो पण बरं वाटत होतं." हे वाक्य जपून ठेवा. तुमची शक्ती संपलेली नाही, हे त्यातून कळतं. ती कुठे लागते आणि कुठे नासते, तेही कळतं.

वही भरली की शाखा व्यवस्थापकांशी बोला. हे बोलणं लोक फार वाईट पद्धतीने करतात. एक तर महिनोन्महिने गप्प बसतात आणि एक दिवस फुटतात, किंवा "सर, फार लोड आहे हो" असं चहाच्या टपरीवर म्हणतात, ज्यावर सर म्हणतात, "मलाही आहे." तसं नको. वेळ मागून बसा. मोजकं आणि बदलता येण्यासारखं मागा. उदाहरणार्थ, रात्री आठनंतर आकड्यांचा फोन नको, सकाळी साडेनऊला मी स्वतः लेखी आकडा देतो. वसुलीचे दौरे आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, रोज तुकड्या-तुकड्यांनी नको. विम्याबद्दल सांगताना भांडण काढू नका. एवढंच म्हणा, की शेतकऱ्याला काय घेतोय ते नीट समजावून सांगेन, त्याला हवा असेल तर देईन, कर्जाला जोडून लादणार नाही. हे तोंडी बोलून झालं की त्याच दिवशी नम्र भाषेत एक मेल टाका, "आज आपण बोललो त्याप्रमाणे..." अशी. तोंडी सांगितलेलं कुणीच मान्य करत नाही अशा ठिकाणी लेखी शब्द तुमचं रक्षण करतो. सगळं मान्य होणार नाही. तीनपैकी एक झालं तरी ताबा परत मिळायला सुरुवात होते. आणि काहीच झालं नाही, उलट त्रास वाढला, तर राजीनाम्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आता पुढे जाण्याबद्दल. हा भाग मला सगळ्यात जास्त बोलावासा वाटतो, कारण आपल्या भागातल्या हुशार मुलांचं इथेच चुकतं.

पुढे जाणं म्हणजे वरची खुर्ची आणि पुणे, एवढंच आपण धरून चालतो. बढती मिळाली की बदली, बदली झाली की मोठं टार्गेट, आणि माणूस ज्या कामात तयार होता तेच काम हातातून सुटतं. मी तुम्हाला वेगळी दिशा सुचवते. तुम्ही कृषी पदवीधर आहात आणि केळीच्या पट्ट्यात बसलेले आहात. रावेर-यावलची केळी देशभर जाते, परदेशात जाते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून-जुलैची मृगबाग आणि ऑक्टोबरच्या सुमाराची कांदेबाग यांचं पैशाचं चक्र वेगळं असतं. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, खतं यांचा खर्च सुरुवातीला एकदम येतो आणि पैसा हाती यायला जवळजवळ वर्ष लागतं. मध्येच सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, करपा आला, थंडी दहा अंशांखाली गेली किंवा जूनमध्ये वादळी वारा सुटला की सगळा हिशेब कोसळतो. कर्जाची परतफेड या चक्राशी कशी जुळवायची, खोडव्याला, म्हणजे कापणीनंतर त्याच बुंध्यातून घेतलेल्या पिकाला, किती द्यायचं, शीतगृह किंवा पॅक हाऊस टाकणाऱ्या गटाचा प्रकल्प कसा तपासायचा, हे अंगात मुरलेला बँक अधिकारी सहज मिळत नाही. तुम्ही तो होऊ शकता. "केळीच्या कर्जाचं असेल तर त्या भाऊंना विचारा" असं तीन तालुक्यांत लोक म्हणू लागले, की तुमची किंमत तुमच्या पदावर अवलंबून राहत नाही. तुमचीच बँक तुम्हाला हलवताना विचार करेल, दुसरी बँक बोलावेल, शेतकरी उत्पादक कंपन्या सल्ल्याला बोलावतील.

एमी व्रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 मध्ये दाखवून दिलं की माणसं आहे त्याच नोकरीत आपलं काम आतून बदलून घेतात. रुग्णालयातले सफाई कर्मचारी त्यांनी पाहिले. काहीजण फरशी पुसून जात होते. काहीजण रुग्णांशी बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, आणि रुग्ण बरा होण्यात आपला हात आहे असं मानत. पद तेच, पगार तोच. तुमच्याकडे तर बदलायला त्यांच्याहून जास्त जागा आहे. आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस केळी उत्पादकांसाठी ठेवा, शाखेत न बसता एखाद्या गावच्या सोसायटीत बसा. जेएआयआयबी, सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा राहिल्या असतील तर एका वर्षात एकच धरा, दोन नको. बढतीचा मार्गही त्यातून मोकळा होतो आणि शिकत असल्याची जाणीव त्या तिसऱ्या लक्षणावर, म्हणजे "माझ्याने काही होत नाही" यावर, चांगलं काम करते.

हे सगळं किती काळ करून बघायचं? खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो, नवी बोली होते, रोख किती, धान्य किती, कपडे-जोडे कुणाचे. पटलं नाही तर सालदार दुसरा मालक बघतो. तुम्हीही स्वतःच्या नोकरीचं असं साल ठरवा. आखाजीला वही काढून बसायचं आणि चार प्रश्न विचारायचे: या वर्षात मी काय शिकलो, कशाने झिजलो, माझा शब्द किती चालला, आणि हेच साल पुन्हा करायचं का? मधल्या काळात रोज रात्री अंथरुणावर "सोडू की नको" हा खल करायचा नाही. निर्णयाला दिवस ठरलेला असला की डोकं मोकळं राहतं.

सालदारीची ही पद्धत मी गोड करून सांगत नाहीये. ज्याने मालकाकडून आधीच मोठी उचल घेतलेली असायची, त्याला आखाजीला बोलायला तोंडच नसायचं. तो पुन्हा त्याच वाड्यात राबायचा. आजच्या नोकरदाराची उचल म्हणजे हप्ते. तुम्ही फ्लॅट बुक करायचा विचार करताय, गाडीही घ्यायची म्हणताय, आणि चुलतबहिणीच्या लग्नात "बँकेतला भाऊ" म्हणून तुमच्याकडे बघितलं जातंय. भाऊ, या वर्षी नवा हप्ता लावू नका. ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. आधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात जमा करा, मोडता येणार नाही अशा खात्यात नको, लागेल तेव्हा काढता येईल अशा. तो पैसा हातात असलेला माणूस साहेबांशी वेगळ्या आवाजात बोलतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की समुपदेशनाइतकंच या खात्याला महत्त्व देते. लग्नाला किती देणार तो आकडा आधी पत्नीबरोबर ठरवा आणि घरात एकदाच सांगा. पहिला पदवीधर असणं हा मान आहे, पण त्या मानापोटी अख्ख्या भाऊबंदकीच्या अपेक्षा एका पगारावर टाकल्या जातात, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. बोललं पाहिजे.

विश्रांतीबद्दल थोडक्यात. सबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये कामानंतर माणूस कशाने भरून निघतो याच्या चार वाटा मांडल्या: कामातून मन पूर्ण सुटणं, सैल होणं, काही नवं शिकण्यात रमणं, आणि मोकळ्या वेळावर स्वतःचा ताबा असणं. तुम्ही रात्री दहा ते बारा रील्स बघता, त्यात फार तर दुसरी वाट येते, तीही अर्धवट. शाखेचा गट घरी आल्यावर म्यूट करा. सात तास झोप ही चैन नाही, त्याखाली सतत राहिलात तर बाकी काही लागू पडणार नाही. रविवारी शेतात जाणं तुम्हाला आवडतं असं लिहिलंय. जा, पण मजूर, पाणी आणि खताचा हिशेब घेऊन गेलात तर ती सातव्या दिवसाची ड्युटी होते. महिन्यातला एक रविवार तरी बांधावर नुसते फिरा.

यात पत्नीचा हिशेब विसरू नका. त्याही शाळा सांभाळून घर, मुलगी आणि उन्हाळ्यात सासरी पापड, बिबडे, शेवयांची घाई असं सगळं करतात. तुमची विश्रांती त्यांच्या झोपेतून कापून घेतली तर सहा महिन्यांनी मला दोन पत्रं येतील. कोणत्या संध्याकाळी मुलगी कुणाकडे, हे दोघांनी वाटून घ्या.

आणि मे महिन्यात मोठा निर्णय घेऊ नका. मी हे अगदी गांभीर्याने सांगते. भुसावळ-जळगावात पारा 45 च्या आसपास जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, वीज गेली की कूलर बंद. दोन-दोन आठवडे धड झोप न झालेला माणूस सगळं काळंच बघतो. माझ्याकडे राजीनाम्याची भाषा उन्हाळ्यात वाढते आणि पहिले दोन पाऊस पडल्यावर त्यातले काही जण शांत झालेले असतात. काही होत नाहीत. त्यांचा निर्णय मग खरा असतो. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये पडते, म्हणून तिला फक्त हिशेब मांडा. कागदावर सही करायची ती पाऊस लागल्यावर.

सोडायची वेळ आलीच तर ती हार मानू नका. मूल्यांची फारकत मिटत नाही असं दिसलं, लेखी सांगूनही लादणं थांबलं नाही, किंवा शरीराने इशारा दिला, तर सोडणं योग्यच. फक्त पुढची जागा हातात घेऊन सोडा, आणि ती निवडताना पगाराआधी विचारा: तिथे माझा दिवस कोण ठरवणार? शक्य असेल तर तिथल्या, सोडून गेलेल्या माणसाशी बोला. आत असलेला खरं सांगेलच असं नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, घरी सांगू का. पत्नीला आजच सांगा. त्यांना काही ना काही जाणवलेलं असणारच, आणि तुम्ही सांगत नाही याचाच त्यांना जास्त त्रास होत असेल. "तू काही करू नकोस, फक्त ऐक" असं म्हणून सुरुवात करा, नाहीतर त्या लगेच उपाय शोधायला लागतील. वडिलांना रक्ताचे रिपोर्ट आल्यावर सांगा, कारण जुन्या माणसाला कागदावरचा आकडा पटतो. लग्नाघरी, चार लोकांत नको. संध्याकाळी ओट्यावर दोघंच असाल तेव्हा, तुमच्या अहिराणीतच. डॉक्टरांकडे गेलो होतो, शरीर दमलंय, नोकरी सोडत नाहीये, पण यंदा फ्लॅट घेणार नाही आणि लग्नाला अमुक एवढेच देईन, असं सरळ सांगा. त्यांची भीती कर्जाची आणि लोक काय म्हणतील याची असेल. सहा महिन्यांच्या खर्चाचं खातं उघडलंय हे सांगितलंत तर त्यातली अर्धी कमी होईल. ते विचारतील, "मग पुढे काय?" तर म्हणा, आखाजीला हिशेब मांडू, तुम्हीही बसा.